दक्षिण महासागरात बाटल्या भरायला गेले होते: माझा अनुभव

बडोद्यात कुणालाही सांगा की मी जानेवारीत जहाजावर असणारे, तर पहिला प्रश्न थंडीचा किंवा पेंग्विनचा येतच नाही, "म्हणजे उत्तरायणाला इथे नाहीस?" हा येतो. शेजारच्या काकींना तर मी कुठे जाते यापेक्षा त्या दिवशी ऊंधियु खाणार नाही याचंच जास्त वाईट वाटलं. आई म्हणाली अगं पण पोहता कुठे येतं तुला. आता त्या पाण्यात पोहता येऊन काही उपयोग नसतो हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हटलं पोहायचं नाहीये आई, पाणी भरायचंय फक्त.

आणि ते खरंच होतं. मी एमएस युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीत पीएचडी करते, समुद्राच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन हा माझा विषय. समुद्र नसलेल्या गावात बसून हा विषय का घेतला हे मला सगळे विचारतात, ते जाऊ दे. गोव्यात वास्कोला हेडलँड सडा नावाच्या टेकाडावर एनसीपीओआर म्हणजे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, भारताच्या ध्रुवीय मोहिमा तेच चालवतात. लोक नेहमी दोन गोष्टींची गल्लत करतात म्हणून सांगते. एक असते अंटार्क्टिक मोहीम, ती १९८१ पासून आहे, त्यात माणसं मैत्री आणि भारती या आपल्या स्टेशनांवर जातात आणि काही जण अख्खा हिवाळा तिथे काढतात. दुसरी दक्षिण महासागर मोहीम, ती २००४ मध्ये सागर कन्या या जहाजावरून सुरू झाली, तिच्यात जहाज हेच तुमचं स्टेशन. पाय जमिनीला लागेल याची गॅरंटी नाही. मी गेले ती दुसरी. त्यामुळे बर्फावर झेंडा घेऊन काढलेला फोटो माझ्याकडे नाहीये, कृपया मागू नका.

आत शिरायची पद्धत म्हणजे तुमच्या गाईडने प्रोजेक्टचा प्रस्ताव पाठवायचा, तो मंजूर झाला की जहाजावर तुमच्या ग्रुपला जागा मिळते, आणि मग त्या जागेवर कोण जाणार ते ठरतं. आमच्या लॅबमध्ये सिनियरचं लग्न ठरलं होतं त्यामुळे माझा नंबर लागला, यात कर्तबगारी वगैरे काही नाही. मग मेडिकल. रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, डोळे, कान, आणि सगळ्यात जास्त छळ दातांचा. जहाजावर डॉक्टर असतो पण डेंटिस्ट नसतो, आणि दाढ दुखायला लागली तर सगळ्यात जवळची खुर्ची हजारो किलोमीटर लांब, म्हणून शंकास्पद दाढेचा निकाल घरूनच लावून जायचं. माझी एक अक्कलदाढ या मोहिमेत शहीद झाली.

त्यापेक्षा डोकं खाल्लं ते सामानाने. आमचं सामान म्हणजे केमिकल. मँगनीज क्लोराईड, कॉस्टिकमधलं आयोडाईड, सल्फ्युरिक आम्ल, थायोसल्फेट. हे बॅगेत टाकून विमानाने नेता येत नाही, प्रत्येकाची सेफ्टी शीट लावून, आम्ल आणि अल्कली वेगवेगळ्या पेट्यांत भरून, किती आठवडे आधी पाठवावं लागतं. आणि जे पाठवलं नाही ते नाही. तिथे दुकान नाही. म्हणून काचेच्या बाटल्या लागतात त्याच्या दीडपट, ब्युरेट म्हणजे थेंब थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळ्या दोन, टिश्यू पेपर तर गाडाभर. खाण्याचंही तेच. लीलो चेवडो नेणं शक्य नव्हतं, दोन दिवसांत वास मारला असता, म्हणून आत्याने सुखडी आणि भाकरवडी भरून दिली आणि वर बजावलं की वाटून खा, एकटी बसू नकोस.

जहाज पकडलं मॉरिशसला, पोर्ट लुई बंदरात. दक्षिण आफ्रिकेचं एसए अगुल्हास, लाल अंगाचं, ११२ मीटर लांब, १९७० च्या दशकात जपानमध्ये बांधलेलं, म्हणजे माझ्यापेक्षा बरंच मोठं. आपल्याकडे स्वतःचं ध्रुवीय संशोधन जहाज नाही म्हणून भाड्याने घ्यावं लागतं. २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच या जहाजबांधणी कारखान्याने नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीबरोबर तसं जहाज बांधायचा सामंजस्य करार केलाय, ते पाण्यात उतरेल तेव्हा माझी पीएचडी तरी संपलेली असो.

बंदर सोडल्यावर लगेच ड्रिल. सात आखूड भोंगे आणि एक लांब, म्हणजे असाल तसे लाईफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी हजर व्हायचं. मग तो नारंगी इमर्शन सूट, आतून रबरी, पायापासून टोपीपर्यंत एकच, तो दोन मिनिटांत अंगावर चढला पाहिजे. माझ्यासारख्या पाच फुटी बाईला तो घातल्यावर चालताच येत नव्हतं, बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणाला चालू नकोस, फक्त तरंगायचंय.

आता उलट्यांबद्दल. सगळ्यांना होतं. चाळीस अक्षांश ओलांडला की त्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला फारशी जमीनच नाही, वारा पृथ्वीभोवती गोल फिरत राहतो आणि लाटा मोठ्या होत जातात, म्हणून खलाशी त्याला गर्जणारे चाळीस म्हणतात. त्यात बर्फात चालणाऱ्या जहाजांचा तळ गोलसर असतो म्हणजे बर्फाच्या दाबात अडकून चिरडू नये, पण तोच गोलपणा उघड्या समुद्रात डुलवून डुलवून मारतो. गोळी उलटी व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर घेऊन ती गोळीच बाहेर येते. कोरडी बिस्किटं, थोडं थोडं पाणी, आणि डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघणं. झोपताना लाईफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली खुपसायचं म्हणजे गादी भिंतीकडे कलते आणि आपण त्या खोबणीत अडकून राहतो, हे मला माझ्या केबिनमेटने शिकवलं, ती कोचीची, मासेमाऱ्यांच्या घरातली, तिलाही झालं पण ती उलटी करून आली की लगेच जेवायला बसायची. मेसमध्ये टेबलक्लॉथ ओला करून अंथरतात, ताटं सरकू नयेत म्हणून. ही आयडिया मला इतकी आवडली की घरी येऊन आईला सांगितली, तिने माझ्याकडे फक्त बघितलं.

आणि मग काम. जहाज ठरलेल्या अक्षांशावर थांबतं, त्याला स्टेशन म्हणतात. लोखंडी गोल चौकटीत मध्ये सीटीडी नावाचं यंत्र, ते खाली जाताना क्षारता, तापमान, खोली मोजत जातं, आणि भोवती निस्किन बाटल्या, दोन्ही तोंडं उघडी असलेल्या नळ्या. ही चौकट विंचवरून केबलने खाली सोडतात, सेकंदाला साधारण एक मीटर. चार हजार मीटर म्हणजे फक्त उतरायलाच तासाच्या वर, आणि वर येताना थांबत थांबत एकेक बाटली लॅबमधून बटण दाबून बंद करत यायची. म्हणजे एक खोल स्टेशन तीन तास सहज खातं. आणि स्टेशन तुमच्या सोयीने येत नाही, जहाज पोचेल तेव्हा येतं. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, फोन यायचा, स्टेशन अर्ध्या तासात, आणि घड्याळात रात्रीचे अडीच.

चौकट डेकवर आली की खरा तमाशा. एका बाटलीत पाणी मोजकंच, दहा लिटर धरा, आणि मागणारे किती. ऑक्सिजनवाली मी, कार्बनवाले, पोषकद्रव्यवाले, क्षारतावाले, शिवाय जीवशास्त्रवाले, ज्यांना गाळायला एकेका खोलीचं तीन-चार लिटर पाहिजे. नळाला पाणी आल्यावर वाड्यात जी भांडणं व्हायची ती सगळी इथे पाहिली, फक्त इथले भांडणारे डॉक्टरेट. म्हणून भिंतीवर एक कागद लावलेला असतो, कुणाला कुठल्या बाटलीतून किती, आणि कुठल्या क्रमाने. क्रम कुणाच्या सिनियॉरिटीने ठरत नाही, गॅसने ठरतो. बाटलीची वरची झडप उघडली की आत हवा शिरते आणि पाण्यातला वायू बदलायला लागतो, म्हणून आधी ऑक्सिजन, मग कार्बन, मग पोषकद्रव्यं, क्षारता शेवटी कारण मीठ कुठे उडून जात नाही. गाळणारे उरलेल्यावर. या एका नियमामुळे मी, सगळ्यात ज्युनियर, प्रत्येक स्टेशनला पहिली उभी असायचे आणि मोठमोठे प्रोफेसर माझ्या मागे हात चोळत. हे मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पहिली असण्याचा त्रास पण पहिलाच. काचेच्या बाटलीत तळापर्यंत नळी घालायची, बुडबुडा एकही नाही, आणि बाटलीच्या दोन-तीनपट पाणी वाहू द्यायचं. ते पाणी शून्याच्या आसपास, काही थर तर शून्याच्याही खाली, मिठामुळे गोठत नाही, आणि ते बोटांवरून वाहतं. जाड हातमोजे घातले तर बुडबुडे दिसत नाहीत आणि पातळ घातले तर बोटं राहत नाहीत. पातळ घालायचे. तिथेच उभ्या उभ्या मँगनीज आणि अल्कली आयोडाईड घालून झाकण लावायचं आणि हलवायचं. ऑक्सिजन असला की चहाच्या रंगाचा गाळ होतो, नसता तर पांढरा राहिला असता. ही विंकलरची पद्धत, १८८८ ची, आणि आजही सगळे सेन्सर शेवटी हिच्याशीच ताडून बघतात. गाळ बसला की लॅबमध्ये आम्ल, मग थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे ते थेंब थेंब घालत किती लागलं ते मोजायचं, स्टार्चचा निळा रंग गेला की झालं.

कॉलेजात टायट्रेशन शांत टेबलावर करतात. इथे ब्युरेट भिंतीला पट्ट्याने बांधलेलं, स्टूल जमिनीला साखळीने, आणि मी एका गुडघ्याने टेबल धरून. जहाज डावीकडे जातं तेव्हा थांबायचं, सरळ होतं तेव्हा एक थेंब. काही दिवसांनी शरीर आपोआप हे करायला लागतं. घरी आल्यावर लॅबमध्ये ज्युनियरने विचारलं, तू टायट्रेट करताना डोलतेस का?

पण ते आकडे बघताना मजा यायची. मॉरिशसजवळच्या गरम पाण्यात वरच्या थरात किलोमागे दोनशेच्या आसपास मायक्रोमोल ऑक्सिजन, आणि दक्षिणेला बर्फाजवळ साडेतीनशेकडे, कारण थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो. पुस्तकात होतंच, पण स्वतःच्या ब्युरेटवर ते चढताना दिसतं तेव्हा वेगळं. पन्नास अक्षांशाच्या आसपास ध्रुवीय सीमा लागते, तिथे पृष्ठभागाचं तापमान थोड्या अंतरात दोन-तीन अंश पडतं, बाहेर धुकं, आणि केबिनमधला हीटर अचानक सगळ्यांना आठवतो. आणि दक्षिणेत खोलवर एका थरात ऑक्सिजन पुन्हा कमी, ते पाणी म्हणजे फार वर्षांपूर्वी हवेला भेटलेलं, तिथल्या जिवाणूंनी ऑक्सिजन वापरून टाकलेला. बाटलीतला गाळ जरा फिका निघायचा. त्या बाटल्या आल्या की मी केबिनमेटला दाखवायचे, हे बघ म्हातारं पाणी.

हिमनग दिसला तेव्हा सगळे डेकवर धावले, मीही. ब्रिजवरच्या माणसांचं दडपण मात्र वेगळंच होतं. मोठा हिमनग रडारवर दिसतो, त्याला घाबरत नाहीत ते, घाबरतात ग्राउलरला, म्हणजे पाण्याच्या जेमतेम वर डोकं काढलेल्या काचेसारख्या बर्फाच्या ढेकळाला, तो लाटांमध्ये रडारला दिसत नाही. म्हणून दुर्बीण घेऊन माणूस उभा. साठ अक्षांशाच्या खाली कचऱ्याचे नियमही कडक, प्लास्टिकचा कपटा समुद्रात जाता कामा नये, माझी केमिकलची सगळी घाण ड्रममध्ये साठवून परत आणायची. आणि आणखी दक्षिणेला, अंटार्क्टिक वर्तुळाच्या पलीकडे, जानेवारीत बराच काळ सूर्य मावळतच नाही. पोर्टहोलवर, म्हणजे केबिनच्या गोल खिडकीवर, पुठ्ठा चिकटवून झोपायचं. रात्री अडीचला लख्ख उजेडात काम करताना घड्याळापेक्षा स्वयंपाकघरावर भरवसा ठेवायचा, अंड्यांचा वास आला म्हणजे सकाळ.

उत्तरायणाच्या दिवशी नेट मिळालं तेव्हा फोनवर गच्चीचे फोटो आले, बाबांनी लिहिलं होतं, वारा नाही यंदा, पतंग चढतच नाहीत. आमच्याकडे तेव्हा डेकवर उभं राहता येत नव्हतं इतका वारा. मी तसं लिहिलं, त्यावर त्यांचा रिप्लाय, थोडा पाठव.

परतीच्या वाटेवर पाणी नाही, एक्सेल. जीवशास्त्रवाल्यांचं बरं असतं आणि वाईटही, त्यांचं खरं काम घरी सुरू होतं, त्यांचे नमुने फ्रीझरमध्ये आणि तो फ्रीझर बंद पडला तर काय म्हणून ते रात्री उठून बघायचे. ऑक्सिजनचं सगळं जहाजावरच मोजून संपतं. मग माझे आकडे आणि सीटीडीच्या सेन्सरचे आकडे शेजारी ठेवून सेन्सर दुरुस्त करायचा, आणि प्रत्येक बाटलीला एक नंबर द्यायचा, दोन म्हणजे चांगली, तीन म्हणजे संशय, चार म्हणजे वाईट. वादळातल्या एका स्टेशनच्या बाटल्यांवरून मोहिमेचे प्रमुख असलेल्या सरांशी मोठा वाद झाला, ते म्हणत होते चार द्या आणि सोडा, मी म्हणत होते दोन नमुने एकमेकांशी जुळतायत, कसे सोडू. जेवणाची घंटा होऊन गेली तरी आम्ही तिथेच. शेवटी तीन देऊन ठेवले. फाईल गोव्याला गेली, ड्रम पोर्ट लुईला उतरवले, त्यांच्या कागदांवर सह्या करता करता दुपार गेली आणि भाकरवडीचा शेवटचा डबा तिथल्या एजंटच्या ऑफिसात सगळ्यांनी मिळून संपवला.