भाऊचा धक्का ते धरमतर: टग, बार्ज आणि वाफेचे दिवस

बोटींचं वेड असेल तर ही ट्रिप कराच. डॉकयार्ड रोडला उतरून भाऊचा धक्का गाठायचा आणि अलिबागकडच्या रेवस बंदराची लाँच पकडायची. सकाळी मासळी बाजारामुळे धक्का सगळा ओला असतो, बूट नको, सँडल बरे.

बंदरात एक टग, म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणारी छोटी पण ताकदवान बोट, बिनइंजिनाची बार्ज, म्हणजे मालाची सपाट बोट, ओढत होता. दोर आधी पाण्यात ढिला बुडालेला, टगने जोर लावला तसा वर येऊन ताठ झाला आणि त्यातून पिळल्यासारखं पाणी गळायला लागलं, बार्ज मात्र जागची हलेना, हलली ती बऱ्याच वेळाने.

वाफेच्या बोटीने असं ओढण्याची सुरुवात पार स्कॉटलंडमध्ये आहे. 1803 मध्ये विल्यम सिमिंग्टनच्या शार्लट डुंडास ह्या वाफेच्या बोटीने 70-70 टनांच्या दोन बार्ज कालव्यातून जवळपास 30 किलोमीटर ओढल्या, तेही समोरून वारा असताना! पण लाटांनी काठ ढासळतील ह्या भीतीने कालव्याच्या मालकांनी तिला पुढे चालवूच दिलं नाही, मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. आपल्याकडे 1834 मध्ये कलकत्ता-अलाहाबाद स्टीमर सुरू झाली तिथेही हीच पद्धत, पुढे इंजिनाची बोट, मागे प्रवासी बसलेली वेगळी सपाट बोट. बॉयलर आणि कोळशाच्या वजनाने बोट खोल बसते, त्यात माणसं आणि मालही भरला तर उथळ गंगेत रुतणारच, म्हणून वजन दोन बोटींत वाटलं, शिवाय धूर आणि बॉयलर फुटायची भीती प्रवाशांपासून लांब. आणि मुंबईचे जहाजबांधणी करणारे अर्देशर खरशेटजी वाडिया, त्यांनी 1833 मध्येच इंडस नावाच्या छोट्या बोटीत वाफेचं इंजिन बसवलं होतं, हे नाव मुंबईकरांना पाठ पाहिजे खरं तर.

रेवसला अंबा नदीची खाडी लागते. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून वाफेच्या फेरी बोटी इथूनच आत धरमतरला जायच्या. आता त्याच पाण्यात मालाच्या बार्ज दिसतात, बऱ्याचशा स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या.

जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा. ओहोटीला रेवसला गाळामुळे लाँचचे हाल होतात, आणि भरलेल्या बार्ज आत येताना बघायच्या तर भरतीच हवी. रेवसहून एसटीने अलिबाग, तिथून पेणची गाडी धरून पोयनाड, पुढे धरमतर पुलापर्यंत रिक्षा. पुलावर ट्रक फार, मुलं असतील तर हात सोडू नका. परत लाँचने यायची गरज नाही, पेण-पनवेल करून लोकलने घरी. पावसाळ्यात मात्र लाँच चालू आहे का ते धक्क्यावर विचारूनच प्लॅन करा.