तुम्ही विचारलेत म्हणून : रोहित (फ्लेमिंगो) नक्की किती वाजता दिसतात?

थंडी पडू लागली की आमच्या नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या सोसायटीतून आणि ठाण्याच्या जुन्या शेजाऱ्यांकडून मला एकच प्रश्न येतो, "काकू, फ्लेमिंगो बघायला नक्की किती वाजता येऊ?" मी रोज सकाळी खाडीच्या कडेने चालते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि मी उलट विचारते, "तुम्ही येणार त्या दिवशी तिथी कोणती?" विचारणाऱ्याला वाटते की मी विषय टाळते आहे, पण उत्तर खरोखरच पंचांगात आहे.

हे मला दिवाळे गावातल्या एका कोळीणमावशींनी शिकवले. निवट्यांची, म्हणजे चिखलातल्या छोट्या माशांची, पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या त्या मावशींना मी भरतीची वेळ विचारली, तेव्हा त्यांनी "बाय, आज तीथ कंची?" एवढेच विचारले आणि बोटांवर हिशेब केला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, म्हणजे नऊला ओहोटी. द्वादशीला नऊला भरती आणि तीनला ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, दिवस असो वा रात्र, हिशेब तोच. फक्त ठाण्याच्या बाजूला आत जावे तसे पाणी थोडे उशिरा पोहोचते.

रोहितांचा दिवसही याच हिशेबाने चालतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर त्यांचे अन्न असते. लहान रोहित (ही फ्लेमिंगोची एक जात) चोच उलटी करून, म्हणजे तिचा वरचा भाग खाली धरून, मान हलवत पुढे सरकतो. त्याची जीभ पाणी आत-बाहेर ढकलत राहते आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत नीलहरित शेवाळ अडकते. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यांमुळेच त्याची पिसे गुलाबी होतात. भरती आली की चिखल बुडतो, उभे राहण्यापुरते उथळ पाणी उरत नाही, आणि मग थवे उठून पाम बीच रस्त्यालगतच्या पाणथळींत येतात आणि एका पायावर, मान पाठीच्या पिसांत खुपसून विसावतात. म्हणून द्वादशीला सकाळी नऊ वाजता तळ्याकाठी या. चतुर्थीला त्याच वेळी आलात तर दुर्बिणीतून दूरवर एक गुलाबी रेघ दिसेल. अष्टमीच्या सुमारास भांगाचे, म्हणजे कमी जोराच्या भरतीचे, पाणी फारसे चढत नाही, त्यामुळे थवे बऱ्याचदा चिखलावरच रेंगाळतात.

ओहोटीची वेळ मात्र मी वाया जाऊ देत नाही. तिवराची, म्हणजे इथल्या खारफुटीच्या झाडाची, श्वासमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, त्यांच्यामध्ये निवट्या पंखांवर रेटा देत सरपटतात, आणि तिवराचे पान जिभेला लावले तर खारट लागते, कारण झाडाने मुळांतून आलेले मीठ पानावाटे बाहेर टाकलेले असते. एकदा पहाटे खारफुटीतून एक कोल्हा बाहेर आला, माझ्याकडे क्षणभर पाहून पुन्हा आत गेला. त्या दिवशी मी पुढे चालले नाही, तिथेच उभी राहिले.

काळजी वाटते ती भरतीच्या वेळेची. ठाणे खाडीतले 1,690 हेक्टरांचे फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, हे फार चांगले झाले. पण थवे भरतीला जिथे येतात त्या आमच्याकडच्या पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. एका उन्हाळ्यात त्यांतल्या एका तळ्यात खाडीचे पाणी येण्याची वाट बुजली आणि तळे तडे जाईपर्यंत सुकले. भर उधाणात थवा त्यावर घिरट्या घालत राहिला, खाली उतरला नाही, आणि इमारतींच्या दिशेने वळला. चिखलाचे रक्षण झाले, पण भरतीचे सहा तास काढायला जागा उरली नाही, तर पक्ष्याने जायचे कुठे, हा प्रश्न मला त्या सकाळपासून सुटलेला नाही.

पाऊस सुरू होण्याच्या बेताला हे पक्षी गुजरातकडे निघतात; कच्छच्या रणात पाणी साचले की तिथे चिखलाची उंचवटेदार घरटी करतात. तेव्हा मे संपायच्या आत या. कालनिर्णयात तुमच्या सुट्टीच्या दिवसाची तिथी पाहून मला कळवा. द्वादशी किंवा त्रयोदशी असेल, तर मी तासभर आधी तळ्याकाठी उभी असेन.