ओला दगड

दांडिया बाजारात कुठलं ना कुठलं जुनं घर पाडून नवं उठत असतं. दुपारी गवंडी भिंतीवर पाणी मारतात आणि डबे उघडून सावलीला बसतात. रेती चाळायची जाळी तिरकी उभी असते, तिच्या मागे चाळून उरलेल्या गोट्यांचा ढीग. एरवी त्या ढिगाकडे कुत्रंही बघत नाही. भिंतीवरचं पाणी ओघळत तिथवर आलं की मात्र त्यातला लिंबाएवढा एक गोटा तेलात कुंकू कालवावं तसा लाल होतो, आणि ज्याला दगड घासून चमकवायचा नाद आहे तो माणूस बडोद्याच्या उन्हात वाकतोच.

घरी पोचेपर्यंत गोटा वाळतो. लाल जाऊन विटकरी, वर पिठूळ पुट. निम्मे लोक इथेच तो तुळशीच्या कुंडीत टाकून मोकळे होतात. घाई करू नये. ओला असताना जे दिसलं ते जिल्हई झाल्यावर पुन्हा दिसणार असतं. खडबडीत अंगावर उजेड विखुरतो, पाण्याचा थर ते विखुरणं थांबवतो, पॉलिशही तेच करतं. फक्त पाणी चिरा आणि ओरखडेसुद्धा झाकतं. म्हणून दगड भिजवून बघण्यापेक्षा वाळताना बघावा. सगळं अंग वाळलं आणि एकच रेघ काळपट राहिली, तर तिथे चीर आहे, पाणी आत जाऊन बसलंय. डागाडागांनी, रेंगाळत वाळत असेल तर दगड पाणी पितो, आणि असा दगड पुढे चाकावर त्रास देतो. कोरड्या माणसाला आपण नर्मदेतला गोटा म्हणतो, पण घासायला बसलेल्या माणसाला नेमका तोच हवा असतो. जन्मभर पाण्यात राहून आत थेंब न घेतलेला.

आता नाव. असा लाल गोटा जास्पर निघावा ही आशा असते, पण बाजारात जास्पर या नावाला काही धरबंद राहिलेला नाही. रेनफॉरेस्ट जास्पर म्हणून विकतात तो रायोलाइट हा ज्वालामुखीचा खडक, डाल्मेशियन जास्पर हा ठिपक्याठिपक्यांचा अग्निजन्य खडक, आणि बंबलबी जास्परमध्ये तर मुख्यतः कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, शिवाय गंधक आणि आर्सेनिकची संयुगं. तो घरात घासायची वस्तूच नव्हे. खरा जास्पर हा गारगोटीच्या कुळातला: क्वार्ट्झचे अतिसूक्ष्म कण, त्यात परक्या द्रव्यांची भेसळ, कधी कधी 20 टक्क्यांपर्यंत. लाल असेल तर हेमाटाइट, पिवळा-तपकिरी असेल तर गोएथाइट, दोन्ही लोखंडाची खनिजं. हीच गारगोटी निर्मळ राहिली असती तर उजेड आत शिरला असता आणि तिला अकीक म्हटलं असतं.

गारगोट्यांची परीक्षा खरं तर सगळ्यांनी लहानपणीच केलेली असते. दोन गारगोट्या घेऊन पांघरुणात शिरायचं, अंधारात एकमेकींवर खसाखसा घासायच्या. आतून पिवळट उजेड फुटायचा आणि नाकाला जळका वास. मग कुणीतरी पांघरूण ओढायचं. ही विद्या मोठेपणी का सोडून दिली जाते, कळत नाही.

मोठेपणी पेननाइफ घेतात. पातं दगडावर दाबून ओढलं की करडी रेघ उठते आणि लोक हिरमुसतात: गेला, मऊ निघाला. रेघेवर आडवं नख फिरवावं. अडकत नसेल तर ती दगडातली खाच नव्हे, दगडाने पात्याचं खरवडलेलं लोखंड आहे. खनिजांच्या दहापैकी मोजायच्या मोहस मापावर जास्परचा कठीणपणा 6.5 ते 7, साध्या पात्याचा 5.5च्या आसपास, तेव्हा झीज पात्याची व्हायला हवी. परीक्षा ताज्या भागावर घ्यायची. वरची साल हवा-पाण्याने कुजलेली असते, ती कुणालाही शरण जाते.

बांधकामावरच्या ढिगात खरा चोर निराळाच असतो: वीट. पाण्याने गोल झालेला विटेचा तुकडा ओला असताना हुबेहूब जास्पर. पांढऱ्या टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर घासला की विटकरी रेघ उमटते आणि सोंग उतरतं. जास्पर तिथे रंग सोडत नाही, उलट टाइलच खरवडतो. हेमाटाइटचा गोळा असेल तर रेघ रक्तासारखी तांबडी. खंगर मात्र वस्ताद. भट्टीत जास्त भाजून काचेसारखी झालेली ती वीट काचेवर ओरखडासुद्धा काढते. तिला भिंगाखाली धरावं, दहापट पुरे. बारीक बुडबुडे आणि रेतीचे कण दिसले की संपलं. साखरेसारखे दाणे चमकले तर क्वार्ट्झाइट, सपाट चकचकीत पापुद्र्यांचे स्फटिक मध्येमध्ये बसलेले असतील तर रायोलाइट. जास्परमध्ये भिंगालाही कण दिसत नाही. सगळं सलग, घट्ट बासुंदीसारखं.

टवका उडवायचा तर दगड जाड फडक्यात गुंडाळावा, डोळ्यांवर चष्मा घालावा. फुटलेली जागा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी वळणदार आणि मंद मेणचट दिसायला हवी. टवक्याच्या पातळ कडेमागे मोबाइलचा टॉर्च धरायचा. कड मधासारखी उजळली तर अकीक, काळी राहिली तर जास्पर. अर्धी उजळली, अर्धी नाही, असंही होतं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. एकाच दगडात दोघे नांदतात.

चुनखडीचा संशय असेल तर व्हिनेगरचा थेंब. फसफसला तर तो चटणीच्या पाट्यालाही कामाचा नाही. वजनाची परीक्षा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर होते, पण पाणी सांडणार हे घरात आधी सांगून ठेवावं. गोटा आधी कोरडा तोलायचा, समजा 212 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि दोऱ्याने बांधलेला गोटा पाण्यात पूर्ण बुडेल पण बुडाला टेकणार नाही असा धरायचा. काटा 81 दाखवतो. हे गोट्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. 212 भागिले 81, म्हणजे गोटा पाण्याच्या 2.62 पट जड. जास्परला हे शोभतं. तीनच्या जवळ गेला तर बेसाल्ट किंवा लोहाने जड झालेला काहीतरी. दोरा जाड असला किंवा अंगाला बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो. बोटाने बुडबुडे पुसावेत.

गोटा आला कुठून, हे विचारायला मात्र आता उशीर झालेला असतो. रेतीवाला म्हणतो नर्मदा, पुढचा म्हणतो ओरसंग. दोन्ही नद्या चांदोदला भेटतात, तेव्हा दोघेही खरेच. नर्मदेच्या वाटेवर दख्खनचा बेसाल्ट आहे, त्याच्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक आणि जास्पर तयार झाले. खंबातच्या कारागिरांचा अकीक रतनपूर-राजपिपळ्याकडूनच येत आला. तिथे दगड मडक्यांत घालून मंद भाजतात, पिवळा लाल होतो. म्हणजे ढिगातल्या गोट्याचा लालपणाही उपजत असेलच असं नाही.

आणि एवढं करून नाव सापडलं, तरी खरी गोष्ट नावात नाहीच. तो जिल्हई घेतो का? याला एकच उपाय, खिडकी. 220 नंबरच्या जाड दाण्याच्या हिऱ्याच्या चाकावर बोटाच्या पेराएवढी जागा सपाट करायची, मग त्याहून बारीक 600, मग 1200, शेवटी चामड्यावर सिरियम ऑक्साइडची पॉलिशची पूड. दर टप्प्याला दगड धुवायचा, आणि पुसून, कोरडा करून बघायचा. ओला दगड इथे सरळ थापा मारतो: 220चा ओरखडा पाण्याखाली लपतो आणि अगदी शेवटी, पॉलिशवर, वर येतो. मग पुन्हा मागे जाण्यावाचून गत्यंतर नसतं. जास्परची दुसरी खोड अशी की त्याच्यात मऊ पट्टे असतात, ते आधी झिजतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. दाब वाढवला की आणखी बिघडतं. हात हलका, घासायचा पट्टा नवा आणि धारदार, आणि सिरियमऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइड करून बघावं. खिडकी चमकली तरच 5-6 मिलिमीटरच्या चकत्या कापाव्यात. तेलावर चालणाऱ्या करवतीत पाणी पिणारा दगड घालू नये, कायमचा तेलकट होतो.

हे सगळं पाण्याखाली. कोरडं घासणं म्हणजे सिलिकाची धूळ फुप्फुसात भरणं, आणि ती परत निघत नाही. खंबातला अकीक घासणाऱ्यांच्या कित्येक घरांत सिलिकोसिस शिरलेला आहे. छंदवाले गॅलरीत ग्राइंडर लावून तोंडाला रुमाल बांधतात. रुमालाने काही होत नाही.

पंचायतन असलेल्या घरांत देवघरात एक लाल दगड असतोच. शोणभद्र, गणपती म्हणून पूजतात तो. शोण नदीतला, बहुतेक वेळा जास्परच दिसतो. त्याला पातं कोण लावणार, टाइलवर कोण घासणार? ते शक्य नाही आणि कुणी करूही नये. रोज सकाळी तो ताम्हनात भिजतो, कुंकवाहून लाल होतो, पंचाने पुसला जातो. पुसल्यावर मिनिटभर एक बारीक काळी रेघ राहते. खालून, डाव्या अंगाला. मग तीही वाळते.