दाजींची गाडी, माझा फोन आणि दोन म्हसावद

नवी गाडी घेताना कंपनीनं बसवलेलं नेव्हिगेशन घ्यावं की डॅशबोर्डवर फोन लावून भागवावं, यावर आमच्या घरात जेवढी भांडणं झालीत तेवढी वाटणीवरूनही झाली नसतील. दाजी कंपनीवाले. त्यासाठी त्यांनी मुद्दाम वरचं व्हेरियंट घेतलं, म्हणजे सनरूफ, जास्तीचे स्पीकर आणि पडद्यात कोंबलेला नकाशा. खालच्या आणि वरच्या व्हेरियंटमधला फरक लाखाच्या पुढे. मी फोनवाला. ताईचा पक्ष वेगळाच: बाबांनी कधीकाळी हौसेनं घेतलेलं, काचेला चिकटवायचं सुटं जीपीएस यंत्र ती प्रत्येक प्रवासाला बरोबर घेते. चालतंय तोवर टाकायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं.

दाजींच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न शहाद्याला होतं, तेही मे महिन्यात. खानदेशात मे महिन्यात लग्न काढणाऱ्यांवर पाहुण्यांनी एकदा सामुदायिक बहिष्कार टाकायला हवा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पुणे ते मालेगाव काही सांगण्यासारखं नाही. धुळ्यात शेवभाजी खायला थांबलो. भाजी अशी की तर्रीचा पहिला घोट घशाखाली उतरेपर्यंत कान लाल झाले. तासाभरानं गाडीत येऊन बघतो तर फोनचा होल्डर काचेवरून सुटून खाली पडलेला. सक्शन कपाचं रबर उन्हानं इतकं मऊ झालं होतं की बोटानं दाबलं की दाबलेलंच राहत होतं. मी चार्जिंगला लावून ठेवलेला फोन सीट आणि हँडब्रेकच्या फटीत. उचलला तर हाताला चटका आणि पडद्यावर थर्मामीटरचं चित्र: थंड होईपर्यंत वापरता येणार नाही. माझ्या फोनच्या कंपनीनं हा फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहून ठेवलंय. धुळ्यात मे महिन्यात ३५ अंश म्हणजे सकाळचा नाश्ता उरकायची वेळ.

"सालेसाहेब, फोनला पन्हं पाजा," दाजी म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. तो लगेच सुरू. तसं नाही म्हणता येत नाही. गाडीसाठीचे इलेक्ट्रॉनिक भाग साधारणपणे ८५ अंशांपर्यंत टिकतील अशा बेतानंच बनवतात. दोंडाईचा, सारंगखेड्याचा तापीवरचा पूल, शहादा, सगळं त्या पडद्यानं बिनचूक दाखवलं. दाजींची मान दर दहा किलोमीटरला इंचभर वर जात होती.

लग्न लागलं, खापरावरचे मांडे खाल्ले, वरातीत नाचलो, झोप झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोरणमाळला निघालो आणि इथून पुढचा तास मला अजून विसरता येत नाही. दाजींच्या पडद्यावरचा कीबोर्ड फक्त रोमन. 'तोरणमाळ' टाकलं तर यादी रिकामी. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत 'तुरणमाळ' असं लिहिलेलं सापडतं. तसं टाकलं असतं तर कदाचित आलं असतं, पण सकाळी सातला हे कुणाला सुचणार? मांडवात कुणीतरी सांगितलं होतं की आधी म्हसावद लागतं, तिथून राणीपूर आणि मग घाट. दाजींनी म्हसावद टाकलं. यादीत एकच म्हसावद आलं. त्यांनी ते दाबलं आणि बाई गोड आवाजात म्हणाल्या, मार्ग सुरू करत आहे.

शहादा सोडलं. थोड्या वेळानं ताईनं मागून पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. "अहो, दीडशे किलोमीटर दाखवतंय. रात्री सगळे पन्नासच म्हणत होते."

"घाट आहे ना. वळणं धरून."

या उत्तरावर गाडीत काही काळ शांतता होती. वळणं धरून पन्नासाचे दीडशे होतात हे गणित मला मान्य नव्हतं, पण पाहुण्याच्या गाडीत, पुढच्या सीटवर, एसीच्या झोतात बसून वाद घालायचा नसतो. तेवढ्यात भाची म्हणाली, "बाबा, सातपुडा डावीकडे का आहे? समोर नको का?" बरोबर होतं तिचं. डोंगराची निळी रांग डाव्या खिडकीत आमच्याबरोबर पळत होती आणि सूर्य थेट डोळ्यांत. आम्ही उगवतीला, शिरपूरच्या रस्त्याला लागलो होतो.

मी पत्ता बदलायला गेलो तर पडद्यानं अक्षरं राखाडी करून टाकली. गाडी चालू असताना टाइप करता येत नाही. सुरक्षेसाठी आहे म्हणे. ड्रायव्हरनं टाइप करू नये हे कबूल, पण शेजारी माणूस बसलाय हे त्या पडद्याला कळत नाही. म्हणजे सावली शोधा, गाडी थांबवा, मग अक्षरं टाका. सावली कुठे असते त्या रस्त्यावर! दोन्हीकडे उसाची आणि केळीची शेतं, मधूनच एखादी पपईची बाग. शेवटी रसवंतीशेजारचं लिंबाचं झाड दिसलं. खाटेवर बसलेले एक टोपीवाले बाबा गाडीच्या काचेशी आले.

"कथा निंघनात, भाऊ?"

"म्हसावदला."

"म्हसावद? ते तं मांगे ऱ्हायनं!"

दाजींनी बाबांना पडद्याकडे बोट करून दाखवलं. बाबांनी वाकून पडदा बघितला, मग दाजींकडे बघितलं आणि रसवाल्याला चार ग्लास करायला सांगितले. पैसे घेतले नाहीत. खानदेशात हे मला नेहमी अडचणीत टाकतं. वाट विचारायला थांबावं तर पाहुणचार होतो आणि वेळ जातो, वर नाही म्हणण्याची सोय नसते.

भानगड अशी होती की म्हसावद दोन आहेत. एक शहादा तालुक्यात, तोरणमाळच्या वाटेवर. दुसरं जळगाव तालुक्यात. तिथं भुसावळ–मनमाड लोहमार्गावर स्टेशन आहे आणि पद्मालयाच्या गणपतीला जाणारे लोक तिथं उतरतात. गाडीच्या यादीत होतं ते दुसरं, आणि जिल्ह्याचं नाव यादीत छापायची तसदी कुणी घेतली नव्हती. इकडे हे काही नवलाचं नाही. एकट्या शहादा तालुक्यात मोहिदे तर्फ हवेली आहे आणि मोहिदे तर्फ शहादाही आहे.

तोवर भाचीनं माझा फोन एसीच्या जाळीसमोर धरून शुद्धीवर आणला होता. तिनं माइकचं बटण दाबलं, मराठीत "तोरणमाळ" म्हटलं, आणि सगळ्यात वर तोरणमाळच आलं. तुम्ही कुठे आहात ते बघून जवळचं नाव आधी दाखवायचं, एवढीच अक्कल. पण ती सर्व्हरवर असते आणि रोज ताजी होते. दाजींच्या नकाशाची अक्कल गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी थांबली होती.

मी जिंकलो असं मला राणीपूरपर्यंत वाटत होतं.

घाट सुरू झाला आणि फोनचं नेटवर्क गेलं. निळा ठिपका हलत होता, पण कोऱ्या राखाडी पडद्यावर. लोकांना वाटतं नेट गेलं की जीपीएस जातं. तसं नसतं. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात; चार उपग्रह ऐकू आले की फोन स्वतःच हिशेब करून जागा काढतो, त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशाच्या चित्राला, आणि ते मी आधी उतरवून घेतलेलं नव्हतं. दाजींच्या पडद्यावर मात्र घाटाचं वळण न् वळण आखलेलं. कड्याला चिकटून गाडी गेली की उपग्रहाचा सिग्नल दगडावर आपटून उशिरा पोचतो आणि फोनचा ठिपका दरीत उडी मारतो. गाडीतल्या यंत्राला टपावरचा अँटेना असतो, शिवाय चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली हेही ते मोजत असतं. म्हणून त्यांचा बाण रस्ता सोडेना. दाजी एक शब्द बोलले नाहीत. फक्त बाईंचा आवाज वाढवला.

तोरणमाळला हवा खरंच गार. अकराशे मीटरच्या वर आहे, शहाद्याच्या भट्टीतून आलेल्या माणसाला दुसरं काही नको. पण यशवंत तलावाच्या काठावर लोकांनी पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे ग्लास टाकून ठेवलेत, आणि एका गाडीची डिकी उघडी ठेवून चाललेला स्पीकर. सीताखाईला मे महिन्यात पाणी नसतं, तरी कड्यावर उभं राहिलं की पाय हलत नाहीत. राहायची खोली कुबट होती. जेवण मात्र झकास: भाकरी, उडदाची डाळ आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा.

परतताना चोपडा, यावल करत फैजपूरला आत्याकडे. तिथं भाचीनं वायफायवर धुळे, जळगाव, नंदुरबार असा अख्ख्या खानदेशाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला. फुकट. सावद्याला केळीच्या ट्रकच्या रांगेत एक ड्रायव्हर भेटला. दिल्लीला माल नेतो, केबिनला एसी नाही. त्यानं फोन ओल्या फडक्यात गुंडाळून दारातल्या खाचेत उभा ठेवला होता, पडद्यापुरती चौकट उघडी. "बघत नाही साहेब, ऐकतो," म्हणाला. दाजींनी लगेच फोन वापरणं बेकायदा असल्याचं सांगितलं. ते अर्धसत्य आहे: १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत स्पष्ट केलंय की लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं फोन फक्त रस्ता बघायला वापरता येतो. हातात धरून बोलायला नाही.

जळगाव–धुळे चौपदरी रस्त्यावर ताईनं हट्टानं तिचं यंत्र लावलं. ते बिचारं जुन्या दुपदरी काळातलं. बायपासला लागलो की त्याच्या लेखी आम्ही कपाशीच्या शेतातून ऐंशीच्या वेगानं निघालेलो. दर मिनिटाला मागे वळा, मागे वळा. ताईनं शेवटी आवाज बंद केला, पण यंत्र काढलं नाही.

कुणी विचारलंच तर मी सांगेन की नेव्हिगेशनसाठी वरचं व्हेरियंट घेऊ नका. चांगला पडदा आणि फोन जोडायची सोय बघा. केबल लावली की फोनचा नकाशा गाडीच्या पडद्यावर येतो, फोन सीटखाली सावलीत राहतो आणि काही गाड्यांत तर टपावरच्या अँटेनाचा फायदाही मिळतो. नकाशा घरूनच उतरवून निघायचं. आणि हो, ही केबलची सोय दाजींच्या गाडीच्या खालच्या व्हेरियंटमध्येही होती. हे मी त्यांना नाशिकला सांगितलं. सिन्नरपर्यंत ते बोलले नाहीत.

त्यांचा नकाशा ताजा करायचा तर गाडी सर्व्हिस सेंटरला सोडावी लागते आणि फुकटची मुदत संपल्यामुळे पैसेही पडतात. अजून नेलेली नाही. परवा त्यांच्या गाडीत बसलो तर फोनची केबल कायमची लावलेली दिसली. विचारलं तर म्हणाले, चार्जिंगसाठी आहे.