बॅटरी ‘उतरली’ की ‘गेली’? : सांगलीतल्या आमच्या दुकानाची वाटचाल

सकाळी सेल्फ मारला, नुसता कट-कट आवाज आला आणि गाडी जागची हलली नाही, की गिऱ्हाईक दुकानात येऊन सांगतं, “बॅटरी गेली, नवी बसवा.” शंभर फुटी रस्त्याच्या गॅरेजवस्तीत आमचा धंदा याच वाक्यावर उभा आहे. पण ते ऐकून लगेच शेल्फवरची नवी बॅटरी काढायची नाही, ही शिस्त आम्ही पहिल्यापासून पाळत आलो. उतरलेली बॅटरी चार्जिंगनं परत येते, गेलेली येत नाही. दोन्हींची लक्षणं मात्र गिऱ्हाइकाला सारखीच दिसतात. आमची वाटचाल सांगायची तर ती आमच्या टेबलावरच्या हत्यारांचीच आहे.

पहिलं हत्यार हायड्रोमीटर. पाणी घालायच्या बॅटरीला सहा झाकणं, म्हणजे आत सहा सेल, सहा वेगळे कप्पे. प्रत्येक सेलमधलं ॲसिड ओढून घनता बघायची. भरलेल्या सेलला साधारण १.२५० ते १.२८०, अर्ध्यावर आलेल्याला १.१९० च्या आसपास. सहाही सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी नुसती उतरलेली आहे. पाच सेल १.२५० वर आणि एकच १.१५० वर असेल, तर तो सेल गेला. चार्जरवर दोन दिवस ठेवूनही तो वर येत नाही. असली बॅटरी ‘बघू चार्ज करून’ म्हणत परत गाडीत टाकणं म्हणजे गिऱ्हाइकाला रस्त्यात अडकवणं.

पाण्याच्या बाबतीत अजूनही समजूत घालावी लागते. प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग कायमचा निकामी होतो, म्हणून वरच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर हवं. बॅटरी उतरलेली असेल तर आधी प्लेटा बुडतील इतकंच घालायचं आणि उरलेलं चार्जिंगनंतर, नाहीतर चार्ज होताना ॲसिड वर येऊन सांडतं. आरओचं पाणी चालत नाही. एसीच्या नळीतून बाटलीत धरलेलं पाणी तर नकोच, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेला असतो. आणि वरून ॲसिड ओतायचं नाही. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

मग सीलबंद बॅटरी आल्या, झाकणं गेली आणि हायड्रोमीटर कपाटात गेला. त्याची जागा व्होल्ट आणि करंट मोजणाऱ्या मल्टीमीटरनं घेतली. त्यातही फसगत आहे. गाडी नुकतीच बंद केली असेल तर मीटर १३ व्होल्टही दाखवेल. तो वरवरचा चार्ज. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करायचे, थोडं थांबायचं आणि मग मोजायचं. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५ वरच अडला तर एक सेल शॉर्ट झालाय. एकेका सेलचे २.१ व्होल्ट, सहातून एक वजा, हिशेब सरळ आहे.

नुसत्या व्होल्टवर मात्र आम्ही निकाल देत नाही. सेल्फ फिरताना मीटर बघायचा. चांगली, भरलेली बॅटरी तेव्हाही ९.६ च्या वर राहते. उभी असताना १२.६ आणि सेल्फला थेट ८ वर, तर आतल्या प्लेटांत दम उरलेला नाही. सीलबंद बॅटरीवर चार्ज दाखवणारा जो हिरवा डोळा असतो, त्यावरही विसंबू नका. तो सहापैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो, बाकीच्या पाचांचं त्याला काही कळत नाही.

हल्ली आमच्याकडे डिजिटल टेस्टर आहे. तो बॅटरीचा थंडीत सेल्फ फिरवण्याचा दम, म्हणजे सीसीए मोजतो. बॅटरीवर ३०० छापलं असेल आणि चार्ज करूनही यंत्र २०० च्या आसपासच घुटमळत असेल, तर बदलायची वेळ आली. एकच काळजी: लेबलवर जे मानक छापलंय, जेआयएस (जपानी), डीआयएन (जर्मन) किंवा ईएन (युरोपीय), तेच यंत्रात निवडायचं. चुकीचं मानक निवडलं की चांगली बॅटरीही नापास होते. काही ठिकाणी ती मुद्दाम नापास होते, हेही सांगून ठेवतो.

बॅटरी पास झाली, तर मग ती उतरली का, हा प्रश्न. इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

लोकांना वाटतं सेल्फ खूप करंट खातो. २०० अँपिअर, दोन सेकंद, म्हणजे ०.१ अँपिअर-तासाच्या जरा वर (एक अँपिअर तासभर चालला की एक अँपिअर-तास). गाडी नुसती उभी असताना ३० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला ०.७ होतात, म्हणजे सहा वेळा सेल्फ मारल्याइतके. ५० मिलिअँपिअरपर्यंत आम्ही चालवून घेतो. जीपीएस, डॅशकॅम, बाहेरून बसवलेला ॲम्प्लिफायर यांनी तो आकडा १५० झाला, तर ३५ अँपिअर-तासाची बॅटरी पाच दिवसांत अर्धी होते. मोजायला निगेटिव्ह क्लॅम्प काढून मीटर मधे जोडायचा, १० अँपिअरच्या रेंजवर. दार लावलेलं, चावी लांब, आणि अर्धा तास थांबायचं, कारण आतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्याच लाइनवर.

इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनॅमोही बघावा लागतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १३ च्या खाली असेल तर पट्टा सैल, कार्बन ब्रश झिजलेले किंवा डायोड गेलेला. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर खराब, तो नवी बॅटरीही उकळून मारतो. नव्या गाड्यांत निगेटिव्ह क्लॅम्पवर सेन्सर असतो आणि चार्जिंग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतं, त्यामुळे एकदाच १२.८ दिसलं म्हणून डायनॅमो खोलायला धावू नये. हेडलाइट, ब्लोअर लावून परत बघायचं.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायची, क्लॅम्प घट्ट करायचा आणि मगच पेट्रोलियम जेली लावायची. इंजिनची अर्थिंग केबल कुणी बघत नाही. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचं लोखंड यांच्यात ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर केबल बदला, बॅटरी नाही.

आपल्याकडे बॅटरी मारतं ते ऊन. एप्रिल-मेमध्ये बॉनेटखालच्या उष्णतेनं पाणी उडतं, आतल्या जाळ्या गंजतात, आणि दुखणं उघडं पडतं ते डिसेंबरच्या गार सकाळी. म्हणून तीन वर्षं झालेली बॅटरी दिवाळीच्या सुमारास तपासून घ्यावी. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांतले ट्रॅक्टर फवारणी संपली की महिनोन्‌महिने शेडमध्ये उभे असतात. त्यांचा निगेटिव्ह काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, ते नंतर विरघळत नाहीत. चार्जिंग क्षमतेच्या दहाव्या हिश्शानं: ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. दुसऱ्या बॅटरीवरून जंप देऊन विश्रामबागेतून मिरजेपर्यंत फिरवून आणल्यानं ती भरत नाही.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर पाण्यात गेलेल्या गाड्यांचं काम आमच्याकडे वेगळं झालं. अशा गाडीची चावी ‘बघू लागते का’ म्हणूनही फिरवायची नाही. आधी निगेटिव्ह काढायचा. झाकणाच्या बॅटरीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ती भंगारात. सीलबंद धुऊन, वाळवून, चार्ज करून तपासता येते. दोन महिन्यांनी परत उतरायला लागली तर बहुधा हिरवे पडलेले कनेक्टर करंट खात असतात.

नवी घेताना ३८बी२०एल सारखा कोड जुळवून घ्या. पहिला आकडा दमाचा, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, एल म्हणजे टर्मिनलची बाजू. ही बाजू चुकली तर केबल पुरत नाही. स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम या जास्त दणकट प्रकारची बॅटरीच लागते, साधी तिथे लवकर खराब होते. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. बसवण्याआधी आम्ही नवीही मोजतो. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर. वॉरंटी ‘२४+२४’ असेल तर पहिले २४ महिने मोफत बदली, पुढचे २४ नुसती सूट. कार्डावर बिलाची तारीख आणि बॅटरीचा नंबर आमच्यासमोरच तपासून घ्या.

जुनी बॅटरी ॲसिडसकट आणा. घरी गटारात ओतून हलकी करून आणलेली आम्ही घेत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार आम्ही ती नोंद करून पुढे पाठवतो, आणि तिचे पैसे बिलातून वेगळी ओळ दाखवून वजा होतात.