पोस्टाच्या फरशीतले दोन खोलगट डाग

जुन्या बिल्डिंगची मोजणी करून रिपोर्ट द्यायचा हे माझं काम, त्या दिवशी एका छोट्या गावातलं जुनं पोस्ट होतं, ऑफिस नव्या जागेत गेलेलं आणि आत नुसती कबुतरं आणि धूळ. सगळे सांगत होते की बिल्डिंग एकदमच बांधलीय, पण भिंतीजवळ गेलं की वेगळंच दिसत होतं, डावीकडच्या खोलीचे दगडाचे थर मधल्या भिंतीशी जुळतच नव्हते, वरपासून खालपर्यंत सरळ सांधा, नख जाईल एवढी फट. म्हणजे खोली नंतर जोडलेली. वळचणीखाली चिनी मातीचे दोन इन्सुलेटर अजून होते, तारेची खोली ती! पोस्ट आणि तार ही दोन खाती १९१४ मध्ये एक झाली, अशी जोडखोली दिसली की मला ते साल हमखास आठवतं, पण कागद हातात नसताना रिपोर्टमध्ये मी ते लिहीत नाही. पुढचा व्हरांडाही विटा लावून बंद करून आत घेतलेला, कारण उघड आहे, आधी फक्त टपाल, मग १८८० मध्ये मनीऑर्डर आली, १८८२ मध्ये बचत बँक आली, पोस्टाचं काम वाढतच गेलं, खिडक्या वाढल्या आणि जागा मात्र तेवढीच.

मोजायच्या आधी मधल्या खोलीची फरशी धुवून घेतली. पाणी ओढून काढलं तरी एका जागी दोन छोटी डबकी राहिली, शेजारी शेजारी, पावलाएवढी. मला वाटलं फरशी खचलीय, वहीत लिहून टाकलं, "फरशी खराब, बदलावी."

दुपारी तिथले रिटायर्ड पोस्टमास्तर आले, काठी टेकत, कुलूप उघडलंय कळल्यावर आपणहून आलेले. मी म्हटलं, "मास्तर, इथे खाली काही पुरलेलं होतं का हो?" ते काही बोलले नाहीत, चपला काढल्या, काठी माझ्या हातात दिली आणि त्या दोन खळग्यांत पाय ठेवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर रंगाचा फिकट चौकोन होता, खिळ्यांची भोकं होती, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तिथे सॉर्टिंगची कप्प्यांची फळी होती. त्यांचा डावा हात पत्रांचा गठ्ठा धरल्यासारखा छातीशी गेला आणि उजवा हात आपोआप वर, खाली, कोपऱ्यात, परत वर.

"ताई, माझ्याआधी दोघं इथंच उभे राहिले, रोज सकाळ-संध्याकाळ," म्हणाले. "पिनकोड आला बहात्तरला, पंधरा ऑगस्टला. त्याआधी नुसतं वडगाव लिहिलेलं असायचं, आता कुठलं वडगाव ते आपण ओळखायचं. अक्षरावरून, पाठवणाऱ्याच्या नावावरून." मग त्यांनी हवेतच एकेक कप्पा बोटाने दाखवत गावांची नावं म्हणून दाखवली, बत्तीस, एकदाही न अडखळता. मी टेप धरायचं सोडून नावं लिहून घेत बसले.

तारखोलीत मात्र ते गेले नाहीत, दारातूनच बघितलं. शेवटची तार १४ जुलै २०१३ ची, तोवर ते रिटायर झाले होते.

रात्री रिपोर्ट टाइप करताना "बदलावी" खोडलं आणि त्या दोन फरशांचं माप वेगळं घातलं, मधोमध जेमतेम पाऊण सेंटीमीटर खोल, सोबत कप्प्यांच्या फळीचा नकाशा, बत्तीस नावांसकट, आणि खाली लिहिलं की या फरशांना पॉलिश मशीन लावू नये.