सॅटर्डे नाइट लाइव्हच्या जुन्या टेपा : कामाची नोंद, दुसरी पेटी

सॅटर्डे नाइट लाइव्ह (एसएनएल) हा अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवरचा, शनिवारी रात्री थेट होणारा विनोदी कार्यक्रम. त्याच्या घरगुती टेपांच्या दुसऱ्या पेटीतल्या १४ टेपांपैकी ९ संगणकावर उतरवून झाल्या, ३ बुरशीमुळे बाजूला ठेवल्या आणि २ अजून ओळखायच्या राहिल्या आहेत. सगळ्या टी-१२० व्हीएचएस टेपा आहेत, अमेरिकेत घरच्या व्हीसीआरवर टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या, आणि बहुतेक ईपी गतीतल्या (एसपी ही नेहमीची गती, ईपी ही सर्वांत हळू). टी-१२० एसपी गतीत २ तास चालते, ईपीत ६ तास. म्हणजे ९० मिनिटांचे चार एपिसोड एका टेपेवर बरोबर मावतात. तेव्हा ही सोय मोठी होती. पण एसपीत चित्राचा पट्टा ५८ मायक्रॉन रुंद असतो, ईपीत तो १९ मायक्रॉनच उरतो. या पेटीतला निम्मा त्रास या एका आकड्यातून आला.

आधी प्राधान्य कशाला द्यायचे ते, कारण नव्याने सुरुवात करणारे इथेच चुकतात. १९७५ ते १९८० हे पहिले पाच सीझन डीव्हीडीवर पूर्ण आले आहेत. बेलुशी, गिल्डा रॅडनर, एक्रॉइड, चेव्ही चेस, जेन कर्टिन, लॅरेन न्यूमन, गॅरेट मॉरिस हा कलाकारांचा पहिला संच तिथे सुरक्षित आहे. सहाव्या सीझनपासून पुढचे सीझन मात्र असे पूर्ण निघालेच नाहीत. स्ट्रीमिंगवरचे अनेक जुने एपिसोड गाण्यांच्या हक्कांमुळे कापलेले आहेत. त्यामुळे १९८० नंतरचा कार्यक्रम त्या रात्री लोकांनी जसा पाहिला तसा आज बघायचा असेल, तर घरगुती टेपेला पर्याय नाही. हातात वेळ थोडा असेल तर बेलुशीची टेप बाजूला ठेवा आणि १९८०-८१ची आधी लावा. निर्माती जीन डूमेनियनच्या त्या सीझनला सगळेच नावे ठेवतात. मूळ निर्माता लॉर्न मायकल्स आणि कलाकारांचा जुना संच एकदमच गेल्यावर उभा राहिलेला तो सीझन होता, लेखकांच्या संपाने तो १३ एपिसोडांवर थांबला, आणि एडी मर्फी पहिल्यांदा दिसला तो त्यातच. या पेटीत त्यातले दोन एपिसोड निघाले. दोन्ही उतरवले आहेत, दुसऱ्यात शेवटची ६ मिनिटे नाहीत.

टेप कुठल्या वर्षाची हे कसे ओळखायचे

लेबलवर विश्वास ठेवू नये. एका टेपेवर "१९७५, पहिला शो" असे लिहिले होते. व्हीएचएस यंत्रे अमेरिकेत विक्रीला आली १९७७ मध्ये आणि सहा तासांची गती त्यानंतर, १९७९ मध्ये. म्हणजे ईपी गतीतली व्हीएचएस टेप ११ ऑक्टोबर १९७५च्या रात्रीची असूच शकत नाही. ते पुनःप्रक्षेपण होते.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे "वीकेंड अपडेट" या विनोदी बातम्यांचे टेबल. टेप मधूनच लावली तरी पाच-दहा मिनिटांत ते सापडते. चेव्ही चेस असेल तर बहुधा पहिला सीझन किंवा दुसऱ्याची सुरुवात. जेन कर्टिन एकटी असेल तर १९७६-७७, शेजारी एक्रॉइड असेल तर १९७७-७८, बिल मरे असेल तर त्यापुढची दोन वर्षे. चार्ल्स रॉकेट म्हणजे १९८०-८१. त्यानंतर निर्माता डिक एबरसोलच्या काळात "वीकेंड अपडेट" हे नावच गेले. १९८१-८२ मध्ये "एसएनएल न्यूजब्रेक" आणि टेबलावर ब्रायन डॉयल-मरे. पुढे "सॅटर्डे नाइट न्यूज", आधी ब्रॅड हॉल आणि १९८४-८५ मध्ये क्रिस्टोफर गेस्ट. जुने नाव १९८५ मध्ये डेनिस मिलरबरोबर परत आले. १९९१ पासून केव्हिन नीलन, १९९४ ते डिसेंबर १९९७ नॉर्म मॅकडॉनल्ड, त्यानंतर कॉलिन क्विन, आणि २००० पासून टीना फे व जिमी फॅलन. एवढे पाठ असले की टेप कुठल्या सीझनची ते बहुतेक कळते.

आवाजही उपयोगी पडतो. सुरुवातीला नावे पुकारणारा डॉन पार्डो ओळखीचाच आहे. त्याच्या जागी दुसरा आवाज, मेल ब्रँडचा, ऐकू आला तर सीझन १९८१-८२. शीर्षकात "एनबीसीज सॅटर्डे नाइट" असेल तर मूळ एपिसोड मार्च १९७७च्या आधीचा, कारण आजचे नाव आधी एबीसीवरच्या हॉवर्ड कोसेलच्या कार्यक्रमाने घेतलेले होते.

हे झाले एपिसोडचे वर्ष. रेकॉर्डिंगचे वर्ष वेगळे असू शकते आणि ते जाहिरातींतून कळते. म्हणून जाहिराती कधीही कापू नका. मधल्या एनबीसीच्या झलकींत नुसते भौमितिक "एन" दिसले तर १९७६ ते १९७९, "एन"वर मोर बसलेला असेल तर १९७९ ते १९८६, आणि सहा पिसांचा मोर एकटा असेल तर मे १९८६ नंतरचे. "१९७५, पहिला शो" लिहिलेल्या टेपेवर हाच सहा पिसांचा मोर आहे.

कोणती आवृत्ती?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि इथे घाई अजिबात चालत नाही. शनिवारी रात्री ८ वाजता एनबीसीच्या न्यूयॉर्कमधल्या ८-एच स्टुडिओत प्रेक्षकांसमोर पूर्ण ड्रेस रिहर्सल होते. ती लांब असते. तिच्यातली काही स्किट गळतात आणि ११:३०ला थेट कार्यक्रम सुरू होतो. ड्रेस रिहर्सलचेही रेकॉर्डिंग होते, आणि पुनःप्रक्षेपणात एखादे स्किट तिथून उचलून घातले जाते. म्हणजे एकाच तारखेच्या एपिसोडचे दोन घरचे रेकॉर्डिंग हुबेहूब सारखे असतीलच असे नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ३ ऑक्टोबर १९९२. आयरिश गायिका शिनेड ओकॉनर वाद्यांशिवाय गाते आणि शेवटी पोपचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरून फाडते. पुनःप्रक्षेपणात त्या जागी ड्रेस रिहर्सल घातली, तिच्यात हातात एका मुलाचा फोटो आहे आणि तो फाटत नाही. त्या एपिसोडची टेप हाती आली की सगळ्यात आधी तिथे जा आणि हातातला फोटो बघा. मूळ रात्रीची असेल तर फोटो फाटल्यानंतर स्टुडिओ एकदम गप्प होतो, टाळी नाही, काही नाही. ती शांतता टेपेवर नीट उतरली पाहिजे.

तिसरा प्रकार म्हणजे ९०च्या दशकात कॉमेडी सेंट्रलवर लागणारी एक तासाची आवृत्ती. तिच्यात आधी गाणी जातात, मग शेवटची स्किट. आमच्या मते शेवटची, रात्री पाऊण वाजताची स्किटच या कार्यक्रमाचा प्राण. तिथे लेखक सर्वांत मोकळे असायचे. तासाच्या आवृत्तीवर नेमके तेच मिळत नाही. तरी अशी टेप फेकू नये, "६० मि." अशी नोंद करून ठेवावी. मूळ टेपेत एखादा तुकडा खराब निघाला तर ती कामी येते.

पश्चिम किनाऱ्यावर कार्यक्रम तीन तास उशिरा, टेपेवरून दाखवला जायचा. जाहिरातींतून गावाचा पत्ता लागत असेल तर नोंदीत तो लिहा.

यंत्रे

इथे महाराष्ट्रात टेपा उतरवणाऱ्यांची पहिली अडचण पाल आणि एनटीएससीची, म्हणजे आपल्याकडच्या आणि अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतींतल्या फरकाची. आपल्याकडच्या पाल व्हीसीआरवर "एनटीएससी प्लेबॅक" लिहिलेले असते, आणि टीव्हीवर चित्र रंगीत दिसतेही. पण त्यातून निघतो तो ६० हर्ट्झचा, पालच्या ४.४३ मेगाहर्ट्झ रंगवाहकाचा मिश्र सिग्नल. टीव्हीला तो चालतो. चित्र संगणकात घेणारे कॅप्चर कार्ड मात्र बहुतेक वेळा कृष्णधवल चित्र देते किंवा रंगांचे पट्टे फिरत राहतात. सेटिंग बदलत बसण्यात दिवस जातात. मूळ अमेरिकन किंवा जपानी एनटीएससी डेक (व्हीसीआर) मिळवणे हा एकच नीट उपाय.

असा अमेरिकन डेक १२० व्होल्टचा असतो. त्याला २३० चे ११० करणारा, तांब्याच्या वेटोळ्यांचा खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा, १०० व्हीए पुरतो. प्रवासात इस्त्रीसाठी वापरायचे हलके कन्व्हर्टर लावू नका. ते विजेची लाट कापून देतात आणि पॉवर सप्लाय जळतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने टेपेच्या गतीत फरक पडत नाही, मोटरची गती विजेवर नाही, सर्व्हो या आतल्या नियंत्रक सर्किटवर ठरते.

एसपी टेपांना टीबीसी (चित्राची वेळ सुधारून ते स्थिर करणारे सर्किट) असलेला एस-व्हीएचएस डेक उत्तम. ईपी टेपा मात्र अशा चांगल्या डेकवरही कधीकधी लागत नाहीत, कारण हेड रुंद असतात आणि शेजारच्या पट्ट्यातले चित्र उचलतात. खालच्या भागात पांढऱ्या रेषांची ओळ उभी राहते. या पेटीतल्या दोन टेपा साध्या चार-हेडच्या घरगुती डेकवर स्वच्छ लागल्या. त्यामुळे टेप खराब आहे असे ठरवण्याआधी किमान दोन डेकवर लावून बघा. साध्या डेकला टीबीसी नसतो, तेव्हा मध्ये बाहेरचा टीबीसी हवाच. नाहीतर वरच्या कडेला चित्र हलते, फ्रेम गळतात आणि दीड तासाच्या शेवटी ओठ आणि आवाज यांची फारकत होते.

उतरवण्याचा क्रम

टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षे अर्ध्यावर थांबलेल्या टेपेचा ताण त्याने सारखा होतो. दर ३-४ टेपांनी हेड साफ करा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला केलेला शॅमॉय ड्रमला नुसता टेकवून धरायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा. हात वरखाली करायचा नाही, हेडचे टोक तुटते. कापसाची काडी वापरायची नाही, तंतू अडकतो.

एस-व्हिडिओने जोडा. ७२० बाय ४८०, ४:२:२, आवाज ४८ किलोहर्ट्झ पीसीएम. कॉम्प्रेशन न करता हे तासाला साधारण ७५ जीबी होते, म्हणजे एक एपिसोड ११२ जीबी. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ हे कॉम्प्रेशनचे प्रकार वापरले की चित्रात काहीही न गमावता ४०-५० जीबीपर्यंत येते. काळ्या-पांढऱ्याची पातळी १६ ते २३५ मध्ये राहील अशी आधी लावून घ्या. ८-एचच्या मंचावर उजेड कडक असतो, मोनोलॉगला, म्हणजे पाहुण्या सूत्रधाराच्या सुरुवातीच्या भाषणाला, पांढरा शर्ट घालून कोणी आला की पांढरा रंग लगेच फाटतो. पातळी मोनोलॉगवरच तपासा, जाहिरातींवर नको.

टेपेवर हाय-फाय (चित्राबरोबर फिरत्या हेडने नोंदलेला) आवाज असेल तर ट्रॅकिंग जरा हलले तरी त्यात गुरगुर येते. तेव्हा टेपेच्या कडेच्या साध्या, "नॉर्मल" ट्रॅकवर दुसऱ्यांदा उतरवून घ्या आणि दोन्ही ठेवा. ईपीत नॉर्मल ट्रॅक सेकंदाला जेमतेम ११ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे आवाज दबलेला येणारच.

खरखर काढणारा फिल्टर मूळ फाइलवर लावू नका, हे कळकळीने सांगतो. पहिल्याच एपिसोडमध्ये विनोदी कलाकार अँडी कॉफमन रेकॉर्ड प्लेअरशेजारी उभा राहतो. गाणे वाजते आहे आणि हा नुसता उभा, हात बाजूला, डोळे इकडेतिकडे. मग एकच ओळ आली की छाती काढून, हात उंचावून ओठ हलवतो आणि पुन्हा गप्प. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे, आणि थांबण्यात प्रेक्षकांतून हळूहळू उमटणाऱ्या खसखशीत आहे. फिल्टर ती खसखस खरखर समजून पुसतो. एकदा लावून पाहिला. हशा फक्त मोठ्या लाटेत उरला, मधले सगळे सपाट झाले.

मूळ फाइल इंटरलेस्डच ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डांची. बघण्याची प्रत करताना क्यूटीजीएमसी या, फील्डांच्या पूर्ण फ्रेम करणाऱ्या फिल्टरने सेकंदाला ५९.९४ फ्रेम करा, २९.९७ नको. स्टुडिओतला भाग व्हिडिओवरचा आहे, थेटपणा त्या सरळ हालचालीतच जाणवतो. मधल्या लघुफिती, अल्बर्ट ब्रूक्सच्या किंवा गॅरी वाइसच्या, फिल्मवरच्या आहेत आणि त्यांना ३:२ पुलडाउन आहे, म्हणजे फिल्मच्या २४ फ्रेम काही फील्ड पुन्हा दाखवून व्हिडिओच्या गतीत बसवलेल्या आहेत. त्यांच्यासाठी म्हणून सगळ्या एपिसोडवर उलटा पुलडाउन चालवला तर स्टुडिओचा भाग अडखळतो. फील्ड क्रम उलटा लागला तरी तसेच होते. कार्ड बहुधा वरचे फील्ड आधी देते, डीव्ही असेल तर खालचे. एखादा माणूस दारातून आत येतो असा तुकडा घेऊन तपासा.

बुरशी लागलेल्या तीन टेपा

खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. अशी टेप चांगल्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या टेपेवर जाते. तिन्ही टेपा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवल्या आहेत. ओली बुरशी पसरते, वाळलेली झडते, म्हणून तीन आठवडे थांबायचे. पावसाळ्यात जेल लवकर गुलाबी पडते, बदलत राहावे. मग टेप उलटी करून खालचे पाच स्क्रू काढायचे, दोन्ही भाग दाबून धरत ती पुन्हा सरळ करायची आणि मगच वरचे झाकण उचलायचे, नाहीतर ब्रेकच्या स्प्रिंगा उडतात. आतल्या मार्गाचा फोटो काढून रिळे स्वच्छ खोक्यात बसवायची. सुक्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसत एकदा गुंडाळायचे, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर. गरम हवा द्यायची नाही.

राहिलेल्या दोन

एकीवर एसएनएल नाहीच. रेकॉर्ड केलेला हशा, समोर प्रेक्षक नाहीत, जॉन कँडी आणि यूजीन लेव्ही. हे एससीटीव्ही, कॅनडाचा विनोदी कार्यक्रम, आणि लांबीवरून एनबीसीचे ९० मिनिटांचे, म्हणजे १९८१ ते ८३. बॉब आणि डग मॅकेन्झी ही त्यातली दोन पात्रे बसलेली दिसतात. कॅनडाच्या प्रक्षेपणात भरायच्या जादा दोन मिनिटांसाठी कॅनडाचे म्हणून काहीतरी हवे, या मागणीतून ती जोडी जन्मली. एनबीसीच्या एपिसोडांत जुन्या अर्ध्या तासांतली स्किट पुन्हा घातलेली आहेत, त्यामुळे एकेका स्किटची वेगळी यादी करावी लागेल. दुसऱ्या टेपेची पहिली ४० मिनिटे कोरी आहेत, नंतर बातम्यांच्या टेबलावर ब्रॅड हॉल येतो. म्हणजे १९८२ ते ८४. जाहिराती बघून महिना ठरवायचा आहे.